आठवडाभरात आलेलं गाणं

अमेरिकन गायिका टेलर स्विफ्टच्या फॅन्सना वाट बघायची सवय असते, आणि तीही खुणा शोधत. २०१९च्या फेब्रुवारीत तिने इन्स्टाग्रामवर पामच्या झाडांचा फोटो टाकला आणि जगभर लोक झाडं मोजायला बसले. सात भरली, म्हणजे सातवा अल्बम येतोय! एप्रिलमध्ये तिच्या वेबसाइटवर उलटी मोजणी लागली, नॅशव्हिलमध्ये एका भिंतीवर फुलपाखराचे पंख रंगवले गेले, २६ तारखेला पहिलं गाणं आलं आणि 'लव्हर' अल्बम हातात पडायला २३ ऑगस्ट उजाडला. फोटोपासून अल्बमपर्यंत तब्बल सहा महिने. ती नखांना कोणता रंग लावते, कॅप्शनमध्ये मध्येच एखादं अक्षर मोठं का लिहिते, हे सगळं आम्ही त्या काळात तपासून झालं होतं. मी आणि माझी धाकटी बहीण, दोघीही यात सारख्याच मुरलेल्या.

त्यामुळे त्याच वर्षाच्या डिसेंबरात जे झालं त्याची आमच्यापैकी कुणाचीच तयारी नव्हती. ख्रिसमसचं गाणं येणार हे कळल्यापासून ते ऐकायला मिळेपर्यंत एक दिवससुद्धा गेला नाही. तो अनुभव मला लिहून ठेवायचाच होता, कारण इतका निर्भेळ आनंद मला नंतर तिच्या कितीतरी मोठ्या रिलीजनीही दिलेला नाही.

आधी तो नोव्हेंबर कसा होता ते सांगायला हवं. जून २०१९मध्ये तिची जुनी रेकॉर्ड कंपनी विकली गेली आणि कंपनीबरोबर तिच्या पहिल्या सहा अल्बमची मास्टर रेकॉर्डिंग्जही गेली. गाणी लिहिली तिने, गायली तिने, पण त्या ध्वनिमुद्रणांवर हक्क दुसऱ्याचा. १४ नोव्हेंबरला तिने जाहीर पत्र लिहून सांगितलं की अमेरिकन म्युझिक अवॉर्ड्सच्या कार्यक्रमात जुनी गाणी गायलासुद्धा आपल्याला अडवलं जातंय. पुढचे दहा दिवस आम्ही फक्त बातम्या वाचत होतो. २४ तारखेला ती स्टेजवर आली ती अंगात पांढरा ढगळ शर्ट घालून, आणि त्या शर्टभर तिच्या जुन्या अल्बमची नावं छापलेली. त्या रात्री तिला दशकातली सर्वोत्तम कलाकार म्हणून गौरवलं गेलं. आम्हाला अभिमान वाटला, रडूही आलं, पण खरं सांगायचं तर त्या आनंदात राग मिसळलेला होता. आपल्या आवडत्या गायिकेचं गाणं लावताना आधी 'हे कुणाच्या मालकीचं' असा विचार मनात यावा, ही गोष्ट फार त्रासाची असते.

त्यानंतर ५ डिसेंबर. गुरुवार, आपल्याकडे संध्याकाळ. बहीण फोन हातात घेऊन धावतच माझ्या खोलीत आली.

"ताई, अगं बघितलंस का? ख्रिसमसचं गाणं!"

"कुणाचं?"

"कुणाचं काय विचारतेस, आपल्या बाईंचं!"

फोनवर एक छोटासा व्हिडिओ होता. मेकअपचा थाट नाही, सेट नाही. टेलर घरातल्या घरात फिरते आहे आणि कॅमेऱ्याला सांगते आहे की शनिवार-रविवारी मी ख्रिसमसचं एक गाणं लिहिलं. आता ते लगेच बाहेर काढावं, की घाईघाईत नको म्हणून पुढच्या वर्षापर्यंत थांबावं, हे तिला ठरवता येत नाहीये. म्हणून ती घरातल्या मांजरांना विचारत सुटते. मांजरांना अर्थातच काही पडलेलं नाही. आणि मग कळतं की गाणं येतंय, लगेच येतंय. नाव, 'ख्रिसमस ट्री फार्म'.

नाव वाचलं आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. जे तिचे फॅन नाहीत त्यांना हे नाव म्हणजे नाताळच्या कुठल्याही गाण्याला शोभेल असं वाटेल. पण टेलर खरोखरच अशा मळ्यात वाढली आहे. पेनसिल्वेनिया राज्यात रेडिंग शहराजवळ तिच्या आईवडिलांचा नाताळच्या झाडांचा मळा होता. तिच्या लहानपणीची पहिली वर्षं तिथे गेली. त्या मळ्यात छोट्या टेलरला एक खास काम असायचं, ते तिने मुलाखतींमध्ये सांगितलंय. झाडांच्या फांद्यांवर प्रार्थना कीटकांच्या अंड्यांचे कोश चिकटलेले असायचे, ते शोधून काढून टाकायचे. नाहीतर लोक झाड घरी नेणार, घरातल्या उबेने अंडी फुटणार आणि नाताळात दिवाणखान्यात शेकडो किडे. एका वर्षी ती हे विसरली आणि लोकांच्या घरी नेमकं तसंच झालं, हा किस्सा तर आम्हाला तोंडपाठ आहे.

तेव्हा हे नाव म्हणजे थेट तिचं घर होतं. इतकी वर्षं तिने या मळ्यावर गाणं का केलं नव्हतं, हा प्रश्न आम्ही याआधीही कितीदा बोललो होतो. २००७मध्ये, म्हणजे सतराव्या वर्षी, तिने नाताळच्या सहा गाण्यांची एक ईपी, म्हणजे छोटा अल्बम, केली होती. त्यातली बरीचशी इतरांची गाजलेली गाणी आणि दोन नवी. छान आहे ती, पण मळा त्यात नाही. बारा वर्षांनी नाताळचं नवं गाणं येतंय आणि त्याच्या नावातच मळा, म्हटल्यावर झोप कुठली लागायला!

न्यूयॉर्कची मध्यरात्र म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे सकाळचे साडेदहा. हे गणित तिच्या प्रत्येक फॅनला झोपेत विचारलं तरी येतं. शुक्रवार, कामाचा दिवस. माझी साडेदहाची मीटिंग होती, ती मी अकराला ढकलली. बहिणीने पहिलं लेक्चर बुडवलं. रात्री आमची चर्चा एकाच मुद्द्यावर अडली होती, आधी व्हिडिओ बघायचा की आधी नुसतं गाणं ऐकायचं? माझं मत ठाम आहे. पहिल्यांदा फक्त ऐकायचं. चित्र एकदा डोळ्यांसमोर आलं की गाण्याच्या ओळी त्या चित्राच्या मागे मागे जायला लागतात, आणि पहिलं ऐकणं पुन्हा कधीच मिळत नाही. बहिणीला व्हिडिओची घाई होती. शेवटी वयाने मोठी असल्याचा हक्क मी वापरला.

एकाच हेडफोनचे दोन कान दोघींनी वाटून घेतले. म्हणजे तिला डावीकडचा आवाज, मला उजवीकडचा. हे लिहिताना वाटतं, निदान तेवढं तरी स्पीकरवर लावायचं. पण त्या क्षणी तिच्याशेजारी बसून, एकाच वायरीला जोडून ऐकण्यात जी गंमत होती ती स्पीकरमध्ये आली नसती.

गाणं सुरू होतं तेव्हा ते ख्रिसमसचं आहे असं वाटतच नाही. व्हायोलिनं संथपणे वर चढतात, जुन्या सिनेमाच्या सुरुवातीला वाजावं तसं. टेलर खालच्या पट्टीत, जवळजवळ बोलल्यासारखी गाते. हिवाळ्याच्या रात्री कशा ताणात जातात, सणाच्या खरेदीची गर्दी, वाहनांची कोंडी, डोक्यात नुसती खरखर. आनंदाच्या गाण्याची सुरुवात थकव्याने करायची हे तिलाच सुचू जाणे. मग ती म्हणते, डोळे मिटले की मी दुसरीकडेच असते. तिथे गाणं क्षणभर थांबतं. आणि त्या विरामानंतर घुंगरांच्या आवाजासारख्या घंटा, ड्रम, सगळं एकदम सुरू होतं आणि लय दुप्पट झाल्यासारखी वाटते.

बहिणीने माझा हात इतक्या जोरात धरला की तिची नखं रुतली. दोघीही एक शब्द बोललो नाही, बोललो असतो तर पुढची ओळ हुकली असती.

पुढे मळाच मळा आहे. माझ्या काळजात एक झाडांचा मळा आहे, तिथे लोक यायचे, दिव्यांखाली नाचायचे, हातमोजे आणि कोट घालून. मग एक ओळ येते तिचा अर्थ असा, की तिथे चुका माफ होतात. आणि पुढे आणखी एक, की जग न्यायाने वागत नाही तेव्हा आपण तिथेच आहोत असं समजायचं. ही ओळ आली आणि मी हेडफोन काढलाच. नोव्हेंबरभर जे साचलं होतं ते त्या ओळीने बाहेर आलं. तिने कुणाचं नाव घेतलं नाही, तक्रार केली नाही. ते गाणं प्रेमाचंच आहे, ज्याच्या मिठीत गेलं की बालपणीचा मळा परत मिळतो अशा माणसासाठी लिहिलेलं. पण तो महिना आम्ही तिच्याबरोबर काढला होता, आम्हाला त्या ओळीत काय आहे ते कळलं. फॅन असण्याचा खरा लाभ मला हाच वाटतो. गाणं सगळ्यांना ऐकू येतं, पण ते कुठून आलं याची वाट आपल्याला माहीत असते.

मग व्हिडिओ. त्यात नवीन चित्रित केलेलं काहीच नाही, सगळ्या घरगुती कॅसेटींमधल्या चित्रफिती. रंग उडालेले, कडा धूसर, कॅमेरा हलतोय. बाळ टेलर, आई अँड्रिया, बाबा स्कॉट, भाऊ ऑस्टिन. बर्फात लोळणं, भेटवस्तूंचे कागद फाडणं. एरवी तिच्या व्हिडिओत आम्ही प्रत्येक फ्रेम थांबवून खुणा शोधतो, मागच्या भिंतीवर कोणता आकडा लिहिलाय ते बघतो. इथे शोधायला काही नव्हतं. बहिणीने एका ठिकाणी व्हिडिओ थांबवला, छोटी टेलर नुसती कॅमेऱ्याकडे बघत होती. "ताई, हिला माहीतच नाही ना अजून," एवढंच म्हणाली. अकराची मीटिंग मी सुजलेल्या डोळ्यांनी केली.

त्या दिवसभरात गाणं किती वेळा लूपवर वाजलं ते विचारू नका. संध्याकाळपर्यंत आम्हाला ते पाठ होतं, पण गाताना एक अडचण यायची. संथ सुरुवातीत श्वास भरपूर मिळतो आणि लय वाढल्यावर शब्द इतके दाटीने येतात की श्वास घ्यायला जागाच नाही. बहीण थोडं गिटार वाजवते. तिने हळू लयीत बसवायचा प्रयत्न केला, तर त्या विरामाची सगळी जादू गेली. मग लक्षात आलं की गाण्याची मेख त्या थांब्यातच आहे. आधीचा थकवा जितका खरा वाटेल तितकी नंतरची उडी मोठी. तिचा या गाण्यातला सहनिर्माता जिमी नेप्स, ज्याचं नाव सॅम स्मिथच्या गाण्यांमुळे ओळखीचं झालं. साधा आवाज आणि त्यामागून भरून येणारं संगीत यांचा मेळ घालणं ही त्याची खासियत, आणि ती सुरुवातीच्या अर्ध्या मिनिटात स्पष्ट ऐकू येते.

मला सगळ्यात जास्त नवल वाटलं आणि अजून वाटतं ते या गाण्याच्या वेगाचं. नाताळची गाणी बहुतेक वेळा उन्हाळ्यात तयार होतात. रेकॉर्डिंग, मिक्सिंग, कव्हर, जाहिरात हे सगळं डिसेंबरच्या आत बसवायचं तर दुसरा मार्ग नसतो. बिंग क्रॉस्बीने 'व्हाइट ख्रिसमस' रेकॉर्ड केलं ते १९४२च्या मे महिन्यात. बर्फ पडू दे म्हणणारं 'लेट इट स्नो' १९४५च्या जुलैत हॉलिवूडच्या उकाड्यात लिहिलं गेलं. 'व्हॅम' या बँडचं 'लास्ट ख्रिसमस' ऑगस्ट १९८४मध्ये लंडनच्या स्टुडिओत झालं, आणि मूड यावा म्हणून जॉर्ज मायकलने तिथे नाताळची सजावट करवून घेतली. मराया कॅरीचं 'ऑल आय वॉन्ट फॉर ख्रिसमस इज यू' हेही १९९४च्या उन्हाळ्यातलं. यात कमीपणा काहीच नाही, ती सगळी गाणी मला प्रिय आहेत. पण टेलरने शनिवार-रविवारी लिहिलेलं गाणं शुक्रवारी आमच्या कानात होतं. ज्या हिवाळ्यात ती थकली होती त्याच हिवाळ्यात, तोच थकवा अजून ओला असताना. सहा महिने खुणा पेरणाऱ्या बाईने एकदा तरी थांबायचं नाही असं ठरवलं, आणि ते गाण्यात ऐकू येतं. पॉलिश थोडं कमी असेल, चालेल. थांबली असती तर पुढच्या वर्षी गाणं जास्त नीटनेटकं झालं असतं, पण ती ओळ कदाचित बदलली असती.

पुढचा आठवडा उत्सवच होता. ८ डिसेंबरला लंडनच्या ओ-टू एरिनात जिंगल बेल बॉल या संगीत कार्यक्रमात तिने ते पहिल्यांदा लोकांसमोर गायलं. दोन दिवसांचं गाणं आणि समोरची पोरं सगळे शब्द म्हणत होती! कुणीतरी प्रेक्षकांतून काढलेला व्हिडिओ आम्ही बघितला, त्यात टेलरपेक्षा शेजारच्या मुलीचाच आवाज जास्त, आणि मला तो व्हिडिओ अधिकृत रेकॉर्डिंगपेक्षा आवडतो. १३ तारखेला न्यूयॉर्कमध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनला पुन्हा गायली, त्या दिवशी तिचा तिसावा वाढदिवस होता. स्टेजवर केक आला आणि सगळ्यांनी तिच्यासाठी गायलं.

चार्टवर हे गाणं वरच्या जागांजवळही गेलं नाही. तो डिसेंबर मरायाचा होता, तिचं गाणं २५ वर्षांनी पहिल्यांदा बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचलं, आणि त्याबद्दल मला मनापासून आनंद झाला. नाताळच्या गाण्याचं आयुष्यच तसं असतं. बाकीची गाणी येतात, गाजतात, मागे पडतात. हे गाणं दरवर्षी महिनाभर जागं होतं, आणि जागं करणारे आपण असतो.

दरवर्षी आम्हा बहिणींचं एकदा भांडण ठरलेलं, गाणं कधीपासून लावायचं. ती नोव्हेंबर लागला की सुरू करते. मी १ डिसेंबरच्या आत ऐकत नाही, कारण गाणं लिहिलं गेलं तेच मुळी त्या दिवसांत. तिचं लग्न झाल्यापासून आम्ही वेगवेगळ्या घरांत आहोत, तर ती आता नोव्हेंबरातच फोन करून फोनवर वाजवते. मी ठेवून देते, ती परत लावते.

२०२१मध्ये याच गाण्याची 'ओल्ड टायमी' आवृत्ती आली. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत मोठा वाद्यवृंद घेऊन केलेली, सगळं गाणं जुन्या संगीतिकांच्या ढंगात, मूळच्या सुरुवातीला जी व्हायोलिनं आहेत ती जणू शेवटपर्यंत पसरलेली. बहिणीच्या मते हेच खरं गाणं. मला ते सुंदर वाटतं, पण त्यात ती उडी नाही. रात्री कामं आटोपून बसलं की ते ऐकावं, आणि सकाळी मूळचं.

त्या जुन्या ईपीचं मात्र आमच्या घरात वेगळंच झालं होतं. मास्टर्सचं प्रकरण झाल्यापासून आम्ही जुन्या मालकीची गाणी लावणं बंद केलं. मग तिने चार अल्बम पुन्हा रेकॉर्ड केले, नव्या रेकॉर्डिंगची मालकी तिचीच, त्यामुळे ती गाणी परत मिळाली. पण २००७ची नाताळची ईपी तिने पुन्हा केली नाही. म्हणजे डिसेंबर आला की तिचं एकच गाणं, आणि ती सहा तशीच बंद. हे कुणी आम्हाला सांगितलं नव्हतं, बरेच फॅन्स आपापल्या मनाने तसं करत होते.

३० मे २०२५ला तिने जाहीर केलं की तिची सगळी जुनी मास्टर्स तिने स्वतः विकत घेतली. सगळं संगीत, व्हिडिओ, कव्हरसुद्धा. बहिणीचा फोन आला, आणि या वेळी आम्ही दोघीही काही वेळ नुसत्या हसत होतो. मग ती म्हणाली, "ताई, ईपी लाव."

"अगं, मे महिना आहे!"

"असू दे. लाव."

पंखा फुल स्पीडवर, खिडकीतून गरम वारा, आणि सतरा वर्षांची टेलर कोवळ्या, थोड्या नाकातल्या आवाजात 'सायलेंट नाइट' गातेय. तिकडे बहिणीनेही त्याच वेळी लावलं होतं, त्यामुळे फोनमधून तेच गाणं अर्धा सेकंद मागून ऐकू येत होतं. सहाही गाणी झाल्यावर ती म्हणाली, आता मळ्याचं लाव. मी सांगितलं, ते १ डिसेंबरलाच.